आपत्ती आणि आकृतिबंध

दुःखातून कला जन्मते, हे मत आपल्या वाङ्मयविचारात इतके रूढ होऊन बसले आहे की त्याची फेरतपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. एखाद्या लेखकाने कारावास भोगला, एखाद्या कवयित्रीस अकाली वैधव्य आले, एखाद्या शाहिराचे बालपण उपासमारीत गेले, एवढा तपशील हाती लागला, की चरित्रकार त्या तपशिलास कारण आणि कलाकृतीस कार्य ठरवून मोकळा होतो. वस्तुतः सविनय कायदेभंगाच्या दिवसांत येरवडा, नाशिक, धुळे, विसापूर येथील तुरुंगांतून हजारो सत्याग्रही राहून आले. त्यांतील बहुतेकांनी एक ओळही लिहिली नाही, आणि ज्यांनी लिहिली त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आठवणी आज जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत, कोणी मागणी करीत नाही म्हणून, स्वस्थ पडून आहेत. तेव्हा राजकीय उत्पात किंवा खाजगी विपत्ती यांचे कलेशी असलेले नाते सरळ कार्यकारणाचे आहे असे म्हणण्यापूर्वी, आपत्ती आणि कृती यांच्यामध्ये आणखी कोणती वस्तू उभी असते याचा विचार केला पाहिजे. माझ्या मते ती वस्तू म्हणजे त्या घटकेस कलावंताच्या हाताशी असलेला घाट: कोठे अभंग, कोठे भाष्य, कोठे जात्यावरची ओवी, कोठे तमाशाची छक्कड, कोठे लिनोचा ठसा. मराठी मुलखात गेल्या शतकभरात या बाबतीत जे घडले, त्यातील काही ठळक दाखले या दृष्टीने पाहण्याचा येथे विचार आहे.

आधी एक जुना दाखला, कारण तो टाळून पुढे जाणे मराठी माणसास शक्य नाही. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेवर जो भीषण दुष्काळ पडला, त्यात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे पुढे सावकारीची खते इंद्रायणीत बुडविण्यात आली. हे सर्व खरे धरले तरी, नामदेवांपासून जवळजवळ तीन शतके वारकऱ्यांच्या मुखी घोळून मऊ झालेला अभंग त्यांच्यापाशी नसता, तर तो आकांत ज्या सलगीच्या, प्रसंगी शिवराळ, पण कधीही परक्या न वाटणाऱ्या सुरात उमटला, त्या सुरात उमटला असता काय? देवाशी हुज्जत घालण्याची मुभा त्या संप्रदायाने आधीच मंजूर करून ठेवलेली होती. तुकोबांनी ती पुरेपूर वसूल केली.

विसाव्या शतकातील राजकीय वाङ्मयाकडे वळले म्हणजे पहिली जागा मंडालेच्या तुरुंगाची. 'केसरी'तील लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा सुरतेच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभेची झालेली फाटाफूट ताजी होती, पक्ष विस्कळीत झाला होता, आणि शिक्षेचा काळ अद्याप सरलेला नसतानाच १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांना मंडालेस ऐकावी लागली. 'गीतारहस्य' या ग्रंथाचे लेखन १९१०-११ च्या हिवाळ्यात, मोजून पाने दिलेल्या बांधीव वह्यांत, शाईची परवानगी नसल्यामुळे पेन्सिलीने झाले. सुटकेनंतर सरकारने ते हस्तलिखित काही काळ अडकवून ठेवले आणि ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रचंड ग्रंथात बंदिवासाचा उल्लेख प्रस्तावनेपुरता. बाकी सारा ऊहापोह मीमांसेचा, सांख्याचा, पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा. तथापि फळाची शाश्वती नसताना कर्म का करावे, हा त्या ग्रंथाचा मध्यवर्ती प्रश्न पराभूत राजकीय पुढाऱ्याने एकांतात स्वतःस विचारावा असाच आहे, आणि त्याने तो आत्मचरित्राच्या रूपाने न विचारता भाष्याच्या रूपाने विचारला, याचे कारण संस्कृत भाष्यपरंपरेत मुरलेल्या त्या बुद्धीस तोच मार्ग सहज होता. सार्वजनिक पराभवाला ग्रंथात जागा मिळाली ती पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांच्या शिस्तीतून.

टिळकांना निदान वह्या मिळाल्या. दोन जन्मठेपींची मिळून ५० वर्षांची शिक्षा घेऊन १९११ च्या जुलैत अंदमानात दाखल झालेल्या सावरकरांना कागदाचीही मनाई होती. कोठडीच्या भिंतीवर काट्याने ओळी कोरून, त्या पाठ करून, भिंतीला चुना लागण्यापूर्वी स्मरणात उतरवून ठेवण्याची जी पद्धत त्यांनी स्वीकारली, तिच्यामुळे 'कमला' हे दीर्घ काव्य जगले. त्यांच्या राजकारणाविषयी वाचकाचे मत काहीही असो, साहित्याच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट टिपून ठेवावी: कागद नसलेल्या कोठडीतून गद्य बाहेर येऊ शकत नाही. अक्षरगणवृत्ताची आणि यमकाची जी बंधने एरवी कवीला काचतात असे आपण म्हणतो, तीच तेथे हजारो ओळींचे दप्तर सांभाळणाऱ्या इमानी कारकुनाचे काम करतात. मोजक्या पानांच्या कोठडीतून भाष्य आले आणि कागदाविनाच्या कोठडीतून काव्य आले, हा योगायोग मानण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

याच न्यायाने, तुरुंगाचा संबंध नसतानाही, बहिणाबाई चौधरींचा विचार येथेच करावयास हवा. खानदेशातील असोद्याची ही मुलगी जळगावच्या चौधरींच्या घरी नांदली, तिशीच्या सुमारास विधवा झाली, भाऊबंदकीच्या वाटण्या आणि शेतीचे कष्ट यांत आयुष्य काढले, आणि अक्षरओळख तिला अखेरपर्यंत झाली नाही. १९५१ च्या डिसेंबरात ती वारली आणि पुढील वर्षी, पुत्र सोपानदेव यांनी जपून ठेवलेली गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. चकित होण्याचे खरे म्हणजे कारण नव्हते; जात्याच्या फेऱ्यात आणि शेताच्या बांधावर ओवीचा घाट पिढ्यानुपिढ्या तयार होता, आणि दळता दळता दुःख सांगण्याची बायकांची रीत ज्ञानेश्वरीहून जुनी आहे. विशेष आहे ते हे की बहिणाबाईंच्या गाण्यांत स्वतःच्या वैधव्याचे रडगाणे फार थोडे आणि सुगरणीच्या खोप्याचे, पेरणीचे, मनाच्या चंचलपणाचे निरीक्षण फार मोठे. ओवीने तिला निरीक्षणाची सवय लावली होती, तक्रारीची नव्हे.

आता साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेतील नोकरी १९३० मध्ये सोडून सत्याग्रहात पडलेला हा शिक्षक १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होता, आणि विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर दिलेली प्रवचने त्याने टिपून घेतली म्हणूनच आज ती आपल्यापाशी आहेत. पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेपासून १३ तारखेपर्यंत, म्हणजे अवघ्या ५ दिवसांत, 'श्यामची आई' लिहून झाली. पुस्तकरूपाने ती १९३५ मध्ये आली. पाच दिवसांत एवढे पुस्तक लिहिले जाते ते प्रतिभेच्या झटक्यामुळे, असे भाविकपणे सांगितले जाते. मला त्यात पूर्वतयारीचा भाग मोठा वाटतो. आई १९१७ मध्ये गेली होती आणि मुलगा त्या वेळी शिक्षणासाठी दूर होता. पुढे वर्गात आणि छात्रालयात मुलांपुढे गोष्टी सांगून सांगून कथनाची हातोटी बसली. आणि मित्रमंडळी जमवून रोज रात्री एक आठवण सांगण्याचा जो साचा पुस्तकाने धरला, तो कीर्तनाच्या आणि घरच्या गोष्टींच्या इतका जवळचा होता की तो शोधण्यात वेळ दवडावा लागला नाही. १६ वर्षे दडपलेला शोक बाहेर येण्यास तुरुंगाने फक्त निवांतपणा पुरविला. पुस्तकात सरकार नाही, सत्याग्रह नाही, बराकही नाही. आहे ते कोकणातील एका कर्जबाजारी घराचे हळूहळू बुडणे. आमच्या टीकाकारांनी या पुस्तकाच्या अश्रूंची पुष्कळ थट्टा केली आहे, आणि काही ठिकाणी अश्रू गरजेपेक्षा अधिक आहेत हे मान्य करण्यास हरकत नाही. पण सावकाराच्या माणसाने दारात येऊन आईचा अपमान करावा, ती घटना लेखकाने ज्या कोरडेपणाने मांडली आहे, तो कोरडेपणा थट्टेखोरांनी पुन्हा एकदा वाचावा.

लेखनाने मनाचा भार उतरतो, अशी एक सुखावह समजूत अलीकडे फार पसरली आहे. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. तोवर त्यांच्या नावावर कितीतरी पुस्तके होती आणि त्यांतून असंख्य मुलांना धीर मिळाला होता. कलाकृती वाचकाला काय देते आणि कर्त्याला काय देते, ही दोन खाती वेगळी आहेत, आणि एकाची जमा दुसऱ्याच्या नावे टाकता येत नाही.

रंगभूमीवर प्रकरण निराळे, कारण तेथे कलावंत आणि हुकूमत यांच्यामध्ये प्रेक्षक नावाचा तिसरा पक्ष बसलेला असतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. महाभारतातील कथा, पण द्रौपदी म्हणजे परवश देश, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, धर्मराजाचा संयम म्हणजे नेमस्तांचे धोरण आणि भीमाचा संताप म्हणजे जहालांचे, हा अर्थ थिएटरातील पानपट्टीवाल्यालाही सांगावा लागत नव्हता. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या लेखनातून तो अर्थ साहेबालाही उलगडून दाखविला आणि १९१० मध्ये, १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याच्या आधारे, नाटकावर बंदी आली. पुराणकथेचा पडदा येथे सोयीचा होता खरा, पण पडद्यामागे नेमका कोण आहे हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे, तो मनुष्य गेल्यावर नाटकाची धार बोथट होणे अपरिहार्य होते. आज 'कीचकवध' वाचताना त्यातील संवादांची तडफ जाणवते. धोका जाणवत नाही.

याच्या उलट तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीतासह, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते सादर केले आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबविले. पुढे त्या कलावंतांनी थिएटर अकादमी स्थापन करून ते पुन्हा उभे केले. येथे आक्षेप परकीय सरकारचा नसून आपल्याच लोकांचा, नाना फडणविसांची आणि एका जातीची बदनामी झाली असे मानणाऱ्यांचा होता. तेंडुलकरांच्या डोळ्यांसमोर साठोत्तर महाराष्ट्रातील झुंडशाहीचा उदय होता, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. परंतु नाटकात उभी राहिली ती एका सत्ताधाऱ्याने आपल्या सोयीसाठी एक दांडगा निर्माण करावा आणि काम झाल्यावर त्याचा बळी द्यावा, ही रीत. कीर्तन, लावणी, खेळे आणि मागेपुढे डुलणारा तो माणसांचा जिवंत पडदा, हे सर्व लोकरंगभूमीचे सामान त्यांनी वापरले, पण त्याच पडद्याला कधी भिंत, कधी जमाव, कधी साक्षीदार करून टाकले. व्यक्तीवर नेम धरलेली रूपके व्यक्तीबरोबर संपतात. रिवाजावर नेम धरलेले रूपक, रिवाज चालू आहे तोवर, जिवंत राहते.

शाहिरांच्या बाबतीत कलेची आणि चळवळीची फारकत करणे अवघड. अण्णा भाऊ साठे १९२० मध्ये वाटेगावी जन्मले, शाळेत जेमतेम दीड दिवस गेले, बापाबरोबर पायी मुंबई गाठली, आणि गिरणीपासून हमालीपर्यंत मिळेल ते काम करीत अखेर घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशातील गणाला आणि गौळणीला फाटा देऊन, पण ढोलकी, सोंगाड्या आणि वग शाबूत ठेवून, त्यांनी जे लोकनाट्य घडविले त्यावर सरकारची मनाईही आली, आणि मनाईमुळे त्याची कीर्ती कमी झाली नाही.

त्यांच्या समग्र कृतींत माझ्या विवेचनास सर्वांत उपकारक अशी कृती म्हणजे 'माझी मैना' ही छक्कड. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने मुंबईतील एक कामगार झुरतो, हा लावणीचा शतकानुशतकांचा विरहविषय. श्रोता निर्धास्तपणे त्या शृंगारात शिरतो, आणि पाहता पाहता ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडलेला मुलूख होऊन जाते, विरह बेळगाव-कारवारच्या विरहापाशी येऊन ठेपतो. पोटासाठी घरदार सोडलेल्या माणसाची खाजगी वेदना आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी या दोन गोष्टी दोन वेगळ्या कवितांत सांगणारे पुष्कळ झाले. एकाच गाण्यात, एकाच नायिकेच्या नावाने, जोड न दिसू देता सांगणारा हा एकच. लावणीला हे वळण घेता येते हे ज्याला रक्तातून ठाऊक आहे त्यालाच हे साधते. १९५९ ची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. दारिद्र्य मात्र १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुटले नाही.

चित्रकलेतील एकच दाखला देतो, कारण त्याचा मुंबईशी संबंध आहे आणि मराठी वाचकांत तो पुरेसा परिचित नाही. चित्तप्रसाद भट्टाचार्य हा बंगाली चित्रकार १९४३ च्या दुष्काळात, ज्यात सुमारे ३० लाख माणसे मेली असे मानले जाते, मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडला, आणि मरणाऱ्या माणसांची काळ्या शाईतील रेखाटने, शक्य तेथे त्या माणसाच्या नावागावासह, करीत गेला. 'हंग्री बेंगॉल' या नावाने ती पुस्तिकारूपाने निघाली तेव्हा सरकारने तिच्या सुमारे ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे तो मुंबईत येऊन अंधेरीस राहिला, कम्युनिस्ट पक्षापासून दुरावला, लिनोचे ठसे आणि मुलांसाठी कळसूत्री बाहुल्या करीत बसला. नाव लिहून ठेवलेल्या त्या रेखाटनांपुढे उभे राहिले म्हणजे, करुणेपेक्षा पंचनाम्याची शिस्त किती अधिक काम करते हे ध्यानी येते. लिनो स्वस्त, त्याच्या प्रती हव्या तितक्या निघतात, आणि त्यात छाया-प्रकाशाच्या लाडिकपणास वाव नाही. दुष्काळ पाहिलेल्या त्या हाताला पुढे याहून योग्य माध्यम शोधून सापडले नसते.

दलित साहित्याशी आल्यावर मात्र वरील प्रमेयाची कसोटी लागते. ज्यांना देवळात जागा नव्हती त्यांना अभंगाची आणि भाष्याची परंपरा वारसा म्हणून कशी मिळावी? बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा कथासंग्रह आणि नामदेव ढसाळांचे १९७२ चे 'गोलपिठा' वाचताना, घाट आधी मोडला आणि मग बोलणे सुरू झाले, असा प्रत्यय येतो. तरीही जरा खोल पाहिले तर आंबेडकरी जलशांची गाणी कानांत होती; मर्ढेकरांनी १९४७ च्या 'काही कविता'त, ज्यांवर पुढे अश्लीलतेचा खटला झाला, मराठी वाक्याची हाडे आधीच खिळखिळी केली होती; आणि साठीच्या दशकातील लघुनियतकालिकांनी हवे ते छापण्याचा दरवाजा उघडून ठेवला होता. ढसाळांनी यांतील प्रत्येकाकडून काही घेतले आणि कामाठीपुऱ्याच्या बोलीत ते बुडवून काढले.

दया पवारांच्या १९७८ च्या 'बलुतं'कडे तर मी मुद्दाम लक्ष वेधीन. हे पुस्तक सरळ, उघडेवाघडे, बिनरचनेचे आहे असे त्याच्या स्तुतिपाठकांनीच ठरवून टाकले; परंतु त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, म्हणजे गावकुसाबाहेरचा जुना मी आणि शहरातला शिकलेला नवा मी समोरासमोर बसतात, आणि सांगणाऱ्याची लाज ऐकणाऱ्याला झेलावी लागते. ज्या गोष्टी स्वतःच्या तोंडाने बोलवत नाहीत त्यांसाठी स्वतःचाच एक दुभाषी नेमण्याची ही युक्ती साऱ्या पुस्तकाचा कणा आहे.

स्त्रियांच्या वाट्याला तेवढाही अवकाश आला नाही. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून येऊ लागले आणि १९८६ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. येथे राजकीय उत्पात म्हणजे आंबेडकरी चळवळ, विपत्ती म्हणजे दारिद्र्य आणि सासुरवास, आणि पहारेकरी म्हणजे स्वतःचेच घर. या पुस्तकात 'मी' कमी आणि 'आम्ही' अधिक आहे, आणि त्यामुळे काही समीक्षकांनी त्यास आत्मचरित्र म्हणण्यास मागेपुढे पाहिले, हे त्या समीक्षकांच्या शास्त्राचे वैगुण्य.

एक प्रश्न शेवटी उरतो तो काळाचा. उत्पात घडतो तेव्हाच कला घडते असे नाही. बहुधा घडत नाही. आणीबाणीच्या काळात मराठी साहित्यिकांनी जे केले त्यातील सर्वांत मोठी गोष्ट कलाकृती नसून कृती होती: १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत, अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करविली, आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः तुरुंगात गेल्या. ते धैर्य निर्विवाद; पण त्या २१ महिन्यांनी मराठीला मोठी कादंबरी दिली नाही, मोठे नाटक दिले नाही. पाडगावकरांच्या 'सलाम'सारखी उपरोधाची कविता वगळली तर हाती फारसे लागत नाही. मध्यमवर्गीय मराठी लेखकाकडे त्या वेळी निबंधाचा आणि व्याख्यानाचा घाट होता, आणि निषेधही त्याच घाटांनी झाला.

गिरणी संपाचे उलट झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या बुडाल्या, वस्ती बुडाली, आणि त्या बुडण्याचे नाटक जयंत पवार यांच्या 'अधांतर'च्या रूपाने यावयास १९९७ साल उजाडले. गिरणगावातच वाढलेल्या या लेखकाने संप रंगमंचावर आणला नाही. चाळीतील एक खोली आणली, तिच्यात एक आई आणि धडपडणारी, भरकटणारी मुले बसविली. दिवाणखानी कौटुंबिक नाटकाचा, मराठी प्रेक्षकास पाठ झालेला घाट त्याने उचलला आणि त्यातील दिवाणखाना काढून घेतला. त्या घरातील थोरल्या मुलाला लेखक व्हावयाचे आहे; तो कमावत नाही, भावंडांस तुच्छ लेखतो, आणि आपल्या संवेदनशीलतेचा दाखला देऊन जबाबदारीतून सुटू पाहतो. आपत्तीतून कला काढू पाहणाऱ्या माणसाची त्याच आपत्तीत भरडलेल्या आईच्या समोर काय किंमत, हा हिशेब नाटककाराने त्याला कोठेही सूट न देता मांडला आहे.